एकच ‘राइनगोल्ड’, अनेक तबकड्या : ऑपेराच्या निरनिराळ्या प्रेसिंगांची तुलना कशी करावी

ध्वनिमुद्रण एकच असले तरी त्याच्या सगळ्या तबकड्या सारख्या वाजत नाहीत, हे जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या प्रत्येकाला लवकरच कळते. कोणती तबकडी अधिक चांगली, हे मात्र बहुतेक जण लेबल पाहून, किंमत पाहून किंवा ऐकीव मतावर ठरवतात. ऑपेराच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते, कारण ऑपेराचा संच तीन, चार किंवा पाच तबकड्यांचा असतो आणि त्यातली प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे कापलेली (खाचा कोरण्याच्या या कामाला कटिंग म्हणतात), साच्याने स्वतंत्रपणे दाबलेली (यालाच प्रेसिंग म्हणतात) आणि पूर्वीच्या मालकाकडून कमीअधिक वापरली गेलेली असते. म्हणून तुलना संचाची करू नये, बाजूची करावी. ती कशी करावी हे सांगण्यासाठी मी रिचर्ड वाग्नरच्या ‘दास राइनगोल्ड’चे डेका या ब्रिटिश कंपनीने १९५८ साली व्हिएन्नात केलेले ध्वनिमुद्रण निवडले आहे. त्याच्या आवृत्त्या भरपूर आहेत, आणि तबकडीची परीक्षा पाहणाऱ्या जागाही या कलाकृतीत भरपूर आहेत.

हे ध्वनिमुद्रण १९५८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोफिएनझाल या सभागृहात झाले. गेओर्ग सोल्टी संचालक, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद, जॉन कलशॉ निर्माते आणि गॉर्डन पॅरी प्रमुख ध्वनिमुद्रक. वोटानच्या भूमिकेत जॉर्ज लंडन, फ्रिकाच्या भूमिकेत कर्स्टन फ्लागस्टाड, आल्बेरिखच्या भूमिकेत गुस्ताव नाइडलिंगर आणि लोगेच्या भूमिकेत सेट स्वानहोल्म आहेत. झोफिएनझालची इमारत मुळात स्नानगृह म्हणून बांधली होती. पुढे तिचे नृत्यगृह झाले, तरी फरशीखालची पोकळी तशीच राहिली, आणि खर्जातल्या स्वरांना तिथे मिळणाऱ्या भरदार गुंजनाचे श्रेय याच पोकळीला दिले जाते. २००१ च्या आगीत ते सभागृह जळाले. त्या जागेचा ध्वनी आता केवळ टेपांवर आणि तबकड्यांवर उरला आहे, म्हणूनच तो कोणत्या तबकडीवर जास्त शाबूत आहे हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

आता आवृत्त्या पाहू. ब्रिटनमध्ये १९५९ साली हा तीन तबकड्यांचा संच स्टिरिओमध्ये एसएक्सएल २१०१ ते २१०३ आणि मोनोमध्ये एलएक्सटी ५४९५ ते ५४९७ या क्रमांकांनी निघाला. पुढे त्याच स्टिरिओ संचाला एसईटी ३८२ ते ३८४ हे क्रमांक मिळाले. अमेरिकेत डेका हे नाव दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळे तिथे तो ‘लंडन’ या लेबलाखाली ओएसए १३०९ म्हणून विकला गेला, आणि त्या काळातल्या लंडन लेबलाच्या स्टिरिओ तबकड्या इंग्लंडमधल्याच कारखान्यात दाबून अमेरिकेला पाठवल्या जात. १९८० च्या सुमारास डेका पॉलिग्रॅमच्या मालकीची झाली, न्यू माल्डनचा जुना कारखाना बंद झाला आणि त्यानंतरच्या प्रती हॉलंडमध्ये दाबलेल्या मिळतात. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, मूळ टेपांवरून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ दर्जाचे नवे डिजिटल रूपांतर करून अर्ध्या गतीने कापलेल्या तबकड्यांचा संच बाजारात आला आहे.

या यादीवरून लगेच निष्कर्ष काढू नये. क्रमांक बदलला म्हणजे कटिंग बदलले असे नाही, आणि क्रमांक तोच राहिला म्हणजे कटिंग तेच राहिले असेही नाही. लेबलवरून फक्त ढोबळ काळ कळतो. सर्वांत जुन्या स्टिरिओ लेबलावर कडेच्या मजकुराची सुरुवात ‘ओरिजिनल रेकॉर्डिंग बाय’ अशी असते, त्यानंतरच्यांवर ‘मेड इन इंग्लंड बाय’ अशी. या दोन्हींत लेबलाच्या कडेपासून थोडी आत एक गोल खाच दाबलेली असते. पुढच्या लेबलांवर ती खाच नाहीशी होते, आणि १९७० च्या सुमारास डेकाच्या नावाचा रुंद पट्टा जाऊन अरुंद पट्टा येतो. बाजारातली किंमत या क्रमानेच उतरत जाते. ध्वनी मात्र या क्रमाने उतरतोच असे नाही, कारण ध्वनी लेबलावर अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो लॅकर (खाचा प्रथम जिच्यावर कोरतात ती मूळ चकती) कोणते कापले, त्यावरून किती पिढ्या पुढे गेल्यावर स्टॅम्पर (तबकडी दाबण्याचा साचा) बनला आणि त्या स्टॅम्परने किती प्रती दाबून झाल्यावर आपली प्रत निघाली, या गोष्टींवर.

ती माहिती लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली असते. तबकडी दिव्याखाली तिरपी धरावी, भिंग घ्यावे, आणि मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूचा ओळखक्रमांक) आपल्याकडे, म्हणजे घड्याळात सहा वाजतात त्या जागी येईल अशी फिरवावी. स्टिरिओ बाजूचा क्रमांक ‘झेडएएल’ या अक्षरांनी सुरू होतो आणि त्याच्या शेवटी एक आकडा व एक अक्षर असते. आकडा त्या बाजूचे कितवे कटिंग ते सांगतो, अक्षर ते कोणी कापले ते सांगते. उदाहरणार्थ, ‘ई’ म्हणजे स्टॅन गुडॉल, ‘डब्ल्यू’ म्हणजे हॅरी फिशर. नऊच्या जागी मदरचा, म्हणजे लॅकर आणि स्टॅम्पर यांच्यामधल्या धातूच्या प्रतीचा, क्रमांक असतो. तीनच्या जागी एक किंवा अधिक अक्षरे असतात, ती स्टॅम्परची. ही अक्षरे ‘बकिंगहॅम’ या शब्दावरून वाचायची : बी म्हणजे १, यू म्हणजे २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९ आणि एम म्हणजे शून्य. तिथे ‘बीएच’ असेल तर तो अठरावा स्टॅम्पर. बाराच्या जागचे अक्षर त्या वेळच्या विक्रीकराच्या दराचे असते, त्यावरून प्रत साधारण केव्हाची ते ठरवता येते.

सहाही बाजूंची ही नोंद वहीत करावी. ती करताना बाजूंच्या जोडणीकडेही लक्ष द्यावे. त्या काळातल्या काही संचांत तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी जोडणी केलेली असे, म्हणजे पहिल्या तबकडीच्या एका अंगाला पहिली बाजू आणि दुसऱ्या अंगाला सहावी. अशा संचाची तुलना साध्या जोडणीच्या संचाशी करायची झाल्यास ‘पहिली तबकडी विरुद्ध पहिली तबकडी’ असा हिशेब चालत नाही. एकाच संचात एका बाजूचे दुसरे कटिंग आणि दुसऱ्या बाजूचे पाचवे कटिंग आढळणेही अगदी सामान्य आहे, त्यामुळे ‘माझ्याकडे पहिली आवृत्ती आहे’ या विधानाला फारसा अर्थ उरत नाही. पुष्कळदा दोन निरनिराळ्या लेबलांच्या संचांत एखादी बाजू एकाच लॅकरवरून आलेली सापडते. तसे सापडल्यास तिथे लेबलांमधला फरक शोधण्यात वेळ घालवू नये. जो फरक ऐकू येईल तो स्टॅम्परचा, व्हिनाइलच्या मिश्रणाचा किंवा झिजेचा असतो.

ऐकायला बसण्यापूर्वी तबकड्या धुणे आवश्यक आहे, आणि आपल्या हवेत तर ते टाळताच येत नाही. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षे नुसत्या कागदी पाकिटात राहिलेल्या तबकडीवर बुरशीचे बारीक ठिपके धरतात. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण सुईला कळतात, आणि त्यांचा आवाज हुबेहूब झिजेसारखा येतो. डिस्टिल्ड पाण्यात अगदी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एखादा थेंब सौम्य साबणद्रव घालून मऊ ब्रशाने खाचांच्या दिशेने धुवावे, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळवावे आणि लेबल कोरडे ठेवून उभी वाळवावी. हे मिश्रण व्हिनाइलसाठीच आहे, लाखेच्या जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नये. तुलनेतल्या सर्व प्रती एकाच दिवशी, एकाच पद्धतीने धुवाव्यात. एक धुतलेली आणि एक न धुतलेली प्रत समोरासमोर ठेवली, तर आपण प्रेसिंग न ऐकता धूळ ऐकत असतो.

यंत्राची तयारीही एकदाच नीट करावी आणि तुलना संपेपर्यंत तिला हात लावू नये. गती तपासण्यासाठी आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर, ३३⅓ फेऱ्यांना १८० रेघांची स्ट्रोब चकती लागते, आणि तिच्यासाठी दिवा थेट त्या विजेवर लुकलुकणारा हवा, एलईडीवर भरवसा ठेवू नये. कार्ट्रिजची (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाची) मांडणी आतल्या खाचांकडे विशेष लक्ष देऊन करावी, कारण ऑपेराच्या पुष्कळ निर्णायक जागा तिथेच येतात. तबकड्यांची जाडी वेगवेगळी असते. नवी १८० ग्रॅमची तबकडी जुनीपेक्षा जाड असल्याने तिच्यावर सुईचा उभा कोन किंचित बदलतो. टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) उंची बदलण्याची सोय असेल तर प्रत्येक जाडीसाठी ती आधी ठरवून लिहून ठेवावी. सोय नसेल तर हा फरक ध्यानात ठेवूनच मत बनवावे.

आता मूळ मुद्दा. दोन भिन्न आवृत्त्यांची तुलना करण्याआधी, शक्य असेल तर, एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींची तुलना करावी. मॅट्रिक्स तेच, स्टॅम्पर जवळपासचे, लेबल तेच, अशा दोन प्रती मित्राकडून किंवा ओळखीच्या संग्राहकाकडून मागून आणाव्यात आणि त्यांच्यात किती फरक ऐकू येतो ते नीट लिहून ठेवावे. हा फरक म्हणजे आपली मोजपट्टी. भिन्न आवृत्त्यांमधला फरक त्याहून स्पष्टपणे मोठा असेल, तरच तो आवृत्तीचा म्हणावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही काही वर्षे गाळली आणि त्याची किंमत मोजली. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून सर्वांत जुन्या लेबलाचा संच मोठी रक्कम देऊन मागवला. पाहताना तबकड्या आरशासारख्या चकाकत होत्या. पहिली बाजू उत्तम वाजली, सहाव्या बाजूवर मात्र शेवटची आठ-दहा मिनिटे पितळी वाद्ये फाटल्यासारखी येत होती. जुन्या जड सुईने ती जागा पुन्हा पुन्हा वाजवली गेली होती. त्यावरून मी त्या लेबलाचा शेवट वाईट कापला आहे असा ग्रह करून घेतला. पुढे त्याच मॅट्रिक्सची दुसरी प्रत ऐकायला मिळाली तेव्हा तो ग्रह पुसला गेला. तीच जागा तिच्यात स्वच्छ होती.

शेवटाकडे हे घडते त्याला भूमितीचे कारण आहे. बाराइंची तबकडीच्या सुरुवातीला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, लेबलाजवळ तोच वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लाट बाहेर सुमारे ५१ मायक्रॉन लांब असते, तर आत ती २१ मायक्रॉनमध्ये आखडते. गोल टोकाच्या साध्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते, तिला त्या आखूड वळणात शिरताच येत नाही. लंबगोल टोकाची बारीक बाजू ७-८ मायक्रॉनची असते, त्यामुळे ती पुष्कळ अधिक वाचते. आता ‘राइनगोल्ड’चा विचार करा. जवळजवळ अडीच तासांचे हे नाट्य सहा बाजूंत बसवायचे म्हणजे प्रत्येक बाजूला सरासरी चोवीस मिनिटे येतात. वल्हाला या देवांच्या महालाकडे जाणारे इंद्रधनुष्य, देवांचा प्रवेश आणि वाद्यवृंदाचा सारा भार सहाव्या बाजूच्या अगदी शेवटी, म्हणजे तबकडीच्या सर्वांत अवघड जागी येतो. इथे कापणाऱ्याला निवड करावी लागते. पातळी थोडी खाली ठेवायची, की खर्ज आवरायचा, की खाचांमधले अंतर कमी करून शेवट लेबलापासून दूर ठेवायचा. निरनिराळ्या कटिंगांतला खरा फरक या निवडीत दडलेला असतो. म्हणून दोन प्रती शेजारी ठेवून पाहावे, कोणत्या प्रतीत संगीत लेबलाच्या अधिक जवळ जाऊन संपते ते पट्टीने मोजावे. सुई लावण्यापूर्वीच पुष्कळ काही कळते.

ऐकण्याच्या जागा मी चार ठेवतो. पहिली प्रस्तावना. १३६ बारपर्यंत (बार म्हणजे स्वरलेखनातला तालाचा एक विभाग) एकच ई-फ्लॅट मेजर स्वरसंघ, त्याच्या तळाशी डबल बासचा सुमारे ३९ हर्ट्झचा खर्ज. त्यावर आधी बॅसून हे खर्जातले सुषिरवाद्य, मग एकामागून एक आठ हॉर्न. इतके हळुवार संगीत तबकडीच्या सुरुवातीलाच असल्याने पृष्ठभागाची खरखर, स्टॅम्परचा दोष, तबकडीची वाकण आणि टर्नटेबलची घरघर हे सारे इथे उघडे पडते. खर्ज ऐकताना एक काळजी घ्यावी. वाकलेल्या तबकडीची हालचाल आणि डबल बासचा स्वर यांत कान सहज फसतो. हॉर्न आले की त्यांच्या मागे सभागृहाची पोकळी जाणवते का, हे पाहावे. एका प्रतीत हॉर्न फक्त मोठे होत जातात, दुसरीत ते एकमेकांच्या मागे उभे असलेले कळतात. दुसरी प्रत श्रेष्ठ, तिच्यात चार टकटक आवाज अधिक असले तरी.

दुसरी जागा पहिल्या दृश्यातल्या ऱ्हाइनकन्यांची, म्हणजे ऱ्हाइन नदीतल्या जलकन्यांची. तीन स्त्रीस्वर एकत्र, वरच्या पट्टीत, सोन्याचा जयघोष करतात तेव्हा झिजलेली खाच लगेच बोलते. आवाजाच्या कडेला बारीक चरचर येते आणि ती फक्त मोठ्या स्वरांवर येते, धुळीसारखी अधूनमधून येत नाही. ही चरचर एकाच कानाकडे जास्त असेल तर जुन्या मालकाच्या यंत्राचा दोष जवळजवळ निश्चित समजावा. जर्मनमधल्या ‘स’ आणि ‘त्स’सारख्या उच्चारांकडेही इथे आणि लोगेच्या संवादांत लक्ष द्यावे. ते थुंकीसारखे उडत असतील तर आधी आपली सुई तपासावी, मग तबकडीला बोल लावावा.

तिसरी जागा निबेलहाइममध्ये, म्हणजे खुज्यांच्या भूमिगत राज्यात, उतरण्याची. वाग्नरने स्वरलेखनात अठरा ऐरणी मागितल्या आहेत, आणि कलशॉंनी त्या खरोखर जमवल्या. चांगल्या कटिंगात लहान, मध्यम आणि मोठ्या ऐरणी वेगवेगळ्या ओळखू येतात, आणि प्रत्येक घावाला आघात आणि त्यामागचा धातूचा नाद असे दोन भाग असतात. पातळी आवरलेल्या किंवा झिजलेल्या प्रतीत तो नुसता खणखणाट होतो. चौथी जागा अर्थातच शेवट : मेघगर्जनेचा देव डोनर याच्या हातोड्याचा घाव, सहा हार्पांचे इंद्रधनुष्य, आणि खालून, दुरून येणारा ऱ्हाइनकन्यांचा विलाप. माझ्या मते सर्वांत कठीण परीक्षा पितळी वाद्यांच्या गर्जनेची नाही, या विलापाची आहे. तो दुरूनच यायला हवा. ज्या प्रतीत तो जवळ येतो तिच्यात कुठेतरी क्षीण आवाज वर ओढलेला असतो.

पातळी जुळवल्याशिवाय यातले काहीही करू नये. कापताना पातळी थोडी चढी ठेवली असेल तर ती प्रत ‘अधिक जिवंत’ वाटते, आणि हा भ्रम अनुभवी कानालाही होतो. सोपा मार्ग असा : दोन्ही प्रतींचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर संगणकात घ्यावा, ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत त्यांची सरासरी पातळी मोजावी आणि एकीला दुसरीशी ०.२ डेसिबलच्या आत आणावे. मोजण्यासाठी टकटक नसलेला, मध्यम पातळीचा तुकडा घ्यावा, कारण एखादा मोठा ओरखडा सगळे मापन बिघडवतो. मग घरातल्या कोणाला तरी ते तुकडे क्रम बदलून वाजवायला सांगावे, आपण फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहावे. दहापैकी आठ-नऊ वेळा ओळखता आले तरच फरक आहे असे धरावे, आणि त्यानंतरच कोणता आवडतो ते ठरवावे. मोनो संचाची तुलना स्टिरिओशी करायची असेल तर मोनोसाठी दोन्ही वाहिन्या एकत्र करणारे बटण दाबावे. अन्यथा उभ्या हालचालीचा सारा गोंगाट फुकट ऐकावा लागतो.

काही दोष सर्वच प्रतींत ऐकू येतात, त्यांचा उगम ओळखता आला पाहिजे. मोठा स्वर येण्याआधी त्याची पुसट छाया ऐकू आली, तर ती किती आधी आली ते संगणकावर मोजावे. बरोबर १.८ सेकंद आधी असेल, तर शेजारच्या खाचेचा तो परिणाम आहे, कारण ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची असते. तो दोष त्या कटिंगचा आहे आणि दुसऱ्या कटिंगात कमी असू शकतो. अंतर वेगळे असेल आणि २०२२ च्या डिजिटल रूपांतरावरून कापलेल्या संचातही तीच छाया असेल, तर ती मूळ टेपवरच आहे. तिच्यासाठी आणखी एक संच विकत घेण्यात अर्थ नाही. नवा संच या कामासाठी फार उपयोगी पडतो, आणि केवळ मधे डिजिटल टप्पा आहे म्हणून त्याला आधीच बाद करणे मला अन्यायाचे वाटते. पृष्ठभागाची शांतता आणि न झिजलेल्या खाचा या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. ज्याच्याकडे जुन्या संचाची खणखणीत प्रत नाही, त्याने सुरुवात तिथूनच करावी.

निकाल लिहिताना संचाला गुण देऊ नयेत. प्रत्येक बाजूसमोर मॅट्रिक्स, स्टॅम्पर, झिजेची अवस्था आणि चार जागांवरचे मत लिहावे, आणि कागद खोक्यातच ठेवावा. माझ्या कागदावर आज जे आहे ते असे : पहिल्या पाच बाजू खाचेच्या जुन्या लेबलाच्या, सहावी मात्र अरुंद पट्ट्याच्या, बाजारात फारशी किंमत नसलेल्या एका प्रतीची. ती उशिरा कापलेली आहे, तिची पातळी थोडी खाली आहे, आणि तिच्यात ऱ्हाइनकन्या दुरून गातात.